तापली म्हणून विकली

"काच खाली कर," काका म्हणाले. "इंजिन काय बोलतंय ते ऐकू दे."

मी मुकाट्यानं मागच्या दाराची काच खाली केली. पोफळी मागं पडली होती आणि कुंभार्ली घाटाचा चढ सुरू झाला होता. सकाळची वेळ होती, तरी ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर बसल्यासारखं वाटत होतं. डिकीत तांदळाची दोन पोती, पुढं दिगूकाका, स्टेअरिंगवर अनंता भुवड, आणि मागं मी, पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवून. डॅशबोर्डच्या मधोमध इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा होता. माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

काटा चढावा असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात त्याला ढकलत होते.

चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ आमची शेड आहे. 'रेडीज टूर्स' अशी पाटी तेव्हाही होती, फक्त तिच्यातला 'टू' पावसानं पुसला होता आणि तो रंगवायला कुणाला सवड नव्हती. शेडमध्ये सहा गाड्या उभ्या राहायच्या, सातवीला जागा नव्हती. दिगूकाका माझे सख्खे काका. त्यांना मूलबाळ नाही, काकी जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले. म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून धंदा बघायला आले. आले आणि पहिल्याच आठवड्यात मी काकांना म्हटलं, की नवी गाडी घेऊ या आणि ही जुनी अँबॅसिडर काढून टाकू या. माझा स्वभावच तसा. मला चहा उकळेपर्यंत धीर धरवत नाही. आई म्हणायची, हेमांगी जन्मतानासुद्धा घाईतच आली.

काका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "घाट ठरवेल."

हा त्यांचा नियम होता. गाडीला दहा वर्षं झाली, की पुढं दर वर्षी खंडेनवमीच्या आधी तिला भरल्या वजनानं कुंभार्ली चढवायची. मध्ये थांबायचं नाही. चालवणारा तिचा नेहमीचाच ड्रायव्हर हवा, कारण परक्या हाताखाली चांगली गाडीसुद्धा रुसते. न थांबता माथ्यावर पोचली, तर अजून एक वर्ष राहिली. तापून उभी राहिली, तर दसऱ्यानंतर गिऱ्हाईक बघायचं. "पत्र्याला भुलू नये, चढाला विचारावं," असं ते म्हणायचे. कितीतरी देखण्या गाड्या ह्या नियमानं आमच्याकडून गेल्या होत्या आणि पोचे आलेल्या राहिल्या होत्या. ही अँबॅसिडर तर चार वेळा घाट चढून राहिली होती. मला ती डोळ्यांसमोर नको झाली होती. पुण्याची माणसं फोनवर विचारायची, गाडी कुठली आहे, आणि मी सांगितलं की "बरं, कळवतो" म्हणायची.

पण गाडी एकटी जाणार नव्हती. अनंतामामानं सगळ्या स्टँडला सांगून ठेवलं होतं, "ही गेली की मी पन चाललो. मला नव्या डबड्यात बसवू नका." तीस वर्षं तो काकांकडं गाडी चालवत होता. मला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं, शिरगावच्या रस्त्यावर, बैलगाडीच्या मागं मागं. तेव्हा घाट म्हणजे नुसती गाडीची परीक्षा नव्हती. मामानं उद्या कामावर यायचं की कायमचं घरी बसायचं, तेही त्यात ठरणार होतं. ते मला कळत होतं, आणि तरी मी काटा ढकलत होते. म्हणून तर जीव नुसता वरखाली होत होता.

"मामा, दुसऱ्यात घाल ना," मी म्हटलं.

"बाय, गाडी मी चालवतोय की तू?"

"तू. पण ती कण्हतेय."

"कण्हत नाय. बोलतेय ती," तो म्हणाला, पण त्याचं नेहमीचं हसू काही आलं नाही.

एरवी घाटात अनंतामामा गप्प बसायचा नाही. शिमग्याच्या नमनातली गाणी म्हणायचा, पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. त्या दिवशी मात्र तो शब्द मोजून खर्चत होता. मांडीवर एक फडकं ठेवलं होतं, त्याला एकदा उजवा हात पुसायचा, एकदा डावा. मला वाटलं, गाडीची काळजी. बिचाऱ्याचं सगळं हिच्यावरच आहे. मला स्वतःचाच राग आला आणि मी मागं टेकून बसले. मग पुन्हा राहवेना, पुन्हा पुढं झाले.

काटा मध्यावर होता. जागचा हलत नव्हता.

"कशी चढतेय बघ," काका खूश होते. त्यांचं लक्ष दरीकडं होतं. "काल वर्कशॉपमधून काढल्यासारखी. आणि तू म्हणे विकू या! जुनं ते सोनं उगाच नाही म्हणत."

"सोनं असतं तर बँकेत ठेवलं असतं काका. शेडमध्ये जागा तरी अडली नसती."

"ऐकलंस अनंता? पुण्याचं पाणी."

समोरून एक भरलेला ट्रक उतरत होता. रस्ता दोघांना पुरेसा होता, ट्रकवालाही आपल्या बाजूनं नीट येत होता. तरी मामानं गाडी इतकी डाव्या अंगाला घेतली, की आतल्या गटाराचे दगड चाकाखाली करकरले. ट्रक गेला. पुढं एक उजवं वळण होतं, दरीच्या अंगाचं, आणि तिथं कडेला गाडी घ्यायला थोडी जागा होती. मामानं गाडी तिथं घातली, ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली. काटा झपकन खाली पडला.

"काय झालं?" काकांनी दचकून मान वळवली.

"तापली शेट."

"तापली? कशी तापेल?"

"लाल झाला काटा. म्हनून बंद केली."

काटा लाल झालेला नव्हता. काटा मध्यावरून केसभर हलला नव्हता. काकांनी तो पाहिला नव्हता, पण मी घाटाच्या पायथ्यापासून दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

"बोनेट उघड," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "पाणी आणा."

थोडं वर, वळणापलीकडं झऱ्याचं पाणी रस्त्याकडेला येतं. काकांच्यानं चालवत नव्हतं, म्हणून डबा घेऊन अनंतामामा निघाला आणि मी त्याच्या मागं. वळण संपेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग त्याच्या दंडालाच धरलं.

"मामा, काटा मध्ये होता."

"माहीत हाय."

"मग?"

त्यानं डबा झऱ्याखाली धरला. पाणी डब्यात पडण्याऐवजी त्याच्या मनगटावर पडत होतं, ते त्याला कळतही नव्हतं. त्यानं डबा खाली ठेवला आणि कठड्यावर बसला, दरीकडं पाठ करून.

"मला घाटाची भीती वाटते, बाय."

मी हसलेच आधी. मला वाटलं चेष्टा करतोय. अनंता भुवडला घाटाची भीती म्हणजे कोळ्याला समुद्राची. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. पाटणची पार्टी होती. नवराबायको आनि त्यांचं लहानगं. ह्याच वळणावर. काय झालं नाय, दगड नाय, ट्रक नाय, ब्रेक चांगले. मागं ते पोर खिदळलं आनि मला वाटलं, हे सगळं माझ्या ह्या दोन हातांत हाय. बस. तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. हातपाय गार पडले. कसा वर गेलो मला ठाऊक नाय. तेव्हापासनं घाट आला की असं होतं. आज मागं तू. आनि शेट."

"डॉक्टरकडं..."

"गेलतो. म्हनाला, तब्येत ठनठनीत. आराम करा."

"मग काकांना सांग ना! काका काय खाणार आहेत का तुला?"

"खानार नाय, तेच तर." तो चिडूनच बोलला. "शेटना सांगितलं तर ते मला सोडनार नाय. गुहागर-दापोलीची भाडी देतील, घाटाची दुसऱ्याला. चार दिवसांत स्टँड विचारनार, अनंताला घाट का नाय? मग कुनीतरी सांगनार, कुनीतरी हसनार. नायतर शेट मला शेडमध्ये खुर्ची देतील. बसून ऱ्हा म्हनतील. मला कीव नको, बाय. तीस वर्षं ह्या घाटानं मला नाव दिलं. जाताना गाडी तापली म्हनून अनंता गेला, एवढंच ऱ्हाऊ दे. गाडीला काय, तिला लाज नसते."

मी त्या बाईसारखी उभी राहिले, जिला नवसाला मागितलं ते मिळालंय आणि आता ते नको झालंय. मला गाडी घालवायची होती. ती आपसूक जात होती, एक शब्द न बोलता. आणि आजच मला पहिल्यांदा समजलं होतं, की ही गाडी अजून पाच वर्षं बिनतक्रार चालेल. काकांचा नियम गाडी जोखायचा, आणि नेहमीचाच ड्रायव्हर हवा म्हणायचा. ड्रायव्हरला कोण जोखणार, ते त्यात नव्हतं.

"चल," मी म्हटलं आणि डबा भरला. माझ्याच्यानं तिथं उभं राहवत नव्हतं.

काका बोनेटपाशी वाकून उभे होते. कुठं वाफ नाही, कुठं जळका वास नाही. त्यांनी हात पुढं केला.

"अनंता, किल्ली दे. काटा बघू दे मला."

मामाचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"मी पाहिला, काका," मी म्हटलं. "लालला टेकला होता."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता कानाखाली बसते. "तुझं काय खरं मानायचं? तुला ती विकायचीच आहे."

"हो. विकायची आहे. म्हणून तर मी एकसारखी बघत होते."

काकांनी डब्यातलं पाणी बोटांवर घेतलं आणि रेडिएटरवर शिंतडलं. तापलेली गाडी अशा वेळी तव्यासारखी चर्र करते. थेंब घरंगळत निवांत खाली गेले. काकांनी पुन्हा शिंतडलं. पुन्हा तसंच. मी अनंतामामाकडं बघायचं टाळत होते. काकांनी मात्र त्याच्याकडं वळून बघितलं. त्याच्या हाताकडं, त्या पिळलेल्या फडक्याकडं, मग त्या वळणाकडं. किती वेळ बघत होते कोण जाणे. खालून एक एसटी घरघरत आली, वर निघून गेली, तरी ते बघतच होते.

"तापलीय," काका म्हणाले.

मग त्यांनी अख्खा डबा रेडिएटरवर ओतला, हळूहळू, देवाला अभिषेक करावा तसा. एकही थेंब चर्र झाला नाही. आम्ही तिघं तिथं उभे होतो आणि तिघांनाही ठाऊक होतं, की गाडी तापलेली नाही.

"नियम म्हणजे नियम," काका म्हणाले. "माघारी फिरायचं. हेमा, स्टेअरिंगवर तू बस."

"मी? घाटात?"

"मग काय मी बसू, ह्या गुडघ्यांनी? अनंता, तू हिच्या शेजारी बस. मला पाय लांब करायचेत." आणि ते कण्हत मागच्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत काका त्या गाडीत कधी मागं बसले नव्हते.

त्या उतारावर मी पहिल्यांदा घाट उतरले. ब्रेकवर पाय इतका ताठ ठेवला होता, की पोटरीत गोळा आला. अनंतामामा शेजारून सांगत होता, "गेरवर ठेव, ब्रेकवर नको. वळनाच्या आधी हॉर्न. घाई नको, बाय, तुझी घाई तुला खाईल." त्याचा आवाज पोफळीजवळ येता येता पूर्वीसारखा झाला. समोर एक टेम्पोवाला आडवा आला तेव्हा त्यानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मागून काका हसले. मला रडू फुटलं. रस्ता दिसेना म्हणून दोघांनी मला फैलावर घेतलं.

खंडेनवमीला मामानं गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. स्टँडवर सगळीकडं बातमी होती, की अँबॅसिडर घाटात तापली, आता ती जाणार आणि अनंताही जाणार. माणसं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होती. "काय करणार, गाडीचं वय झालं," म्हणत होती. तो मान डोलवत होता. मला वाटलं, निभावलं.

दसऱ्यानंतर पाटणचा जयवंत शेडगे गाडी बघायला आला. माणूस पक्का. काका म्हणाले घाटात तापते, तर तो म्हणाला, घाटातच नेऊन बघतो. त्याला नाही म्हणायला कारण नव्हतं. आपले दोन पाहुणे मागं बसवून तो घेऊन गेला. मला शेडमध्ये बसवेना. मी दारात, दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा आत, अशा येरझाऱ्या घालत राहिले. काका पेपर उलटा धरून वाचत होते.

दुपारी शेडगे परत आला तेव्हा शेडसमोर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. अनंतामामाही होता, गाडीच्या काचा शेवटच्या पुसायला आलेला.

"रेडीजशेट!" शेडगे गाडीतून उतरतानाच ओरडला. "माथ्यापर्यंत गेलो, थांबलो नाय, पान्याचा थेंब घातला नाय. गाडी टकाटक! काटा हलला असंल तर शपथ. मग तुमची कशी काय तापली हो?"

चहाचे कप हवेत थांबले. सुर्वे म्हणून एक ड्रायव्हर होता, तोंडाचा फटकळ. तो अनंतामामाकडं वळला.

"काय रे अनंता? शेडग्याच्या हाताखाली तापत नाय, तुझ्याच हाताखाली तापली? का तुलाच घाम फुटला?"

कुणीतरी हसलं. अनंतामामाच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं. काका उठायला गेले, गुडघ्यांनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. ते काय बोलणार होते कोण जाणे. मी त्यांना वेळच दिला नाही. घाई माझ्या पाचवीला पुजलेली.

"तापली-बिपली काही नाही," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला ही गाडी नको होती. काका ऐकत नव्हते, म्हणून मीच मामाला म्हटलं, अर्ध्यात थांबव आणि तापली म्हण. नाही थांबवलीस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हटलं. मला नव्या गाड्या हव्यात आणि नवे ड्रायव्हर हवेत. आता इथं मी बघते."

सुर्वेनं कपातला उरलेला चहा माझ्या पायांपासून हातभर अंतरावर फेकला. "वा," तो म्हणाला, "तीस वर्षांची ही किंमत!" मग तो अनंतामामाजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. बाकीचेही एकेक करून त्याच्या बाजूला सरकले. माझ्या बाजूला शेडचा खांब तेवढा होता.

अनंतामामानं माझ्याकडं बघितलं. तो काहीतरी बोलेल अशी मला भीती वाटली, आणि मी मान हलवली. नको. त्यानं काच पुसून पुरी केली, फडक्याची नीट घडी केली आणि शेडगेच्या हातात किल्ली दिली. "दुसऱ्या गेरला जरा वाट बघायला लागते," एवढंच म्हणाला. मग सुर्वेच्या स्कूटरवर मागं बसून गेला. काकांनी त्या संध्याकाळी शेडच्या चाव्यांचा जुडगा माझ्यापुढं ठेवला.

ह्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. काका नाहीत, अनंतामामाही मागच्या पावसाळ्यात गेला, म्हणून आज बोलते आहे. त्याच्या बाराव्याला गेले होते, तर दारात बसलेल्या बायकांपैकी एकीनं दुसरीला हळूच सांगितलं, "हीच ती रेडीजांची पोर. आल्या आल्या काकाची चांगली गाडी विकली आणि आमच्या अनंताला घरी बसवलं." मी ऐकलं. मामाच्या बायकोनंही ऐकलं. ती उठली, माझा हात धरून मला आत घेऊन गेली आणि जेवायला आपल्या शेजारी बसवलं.